बारा हजार टाक्यांची गोधडी

छंद हा फावल्या वेळाचा आणि भरल्या पोटाचा विलास आहे, अशी आपल्या सुशिक्षित समाजाची एक जुनी समजूत आहे. पोस्टाची तिकिटे जमविणारा, सतारीवर हात बसविणारा, गच्चीत गुलाब फुलविणारा मनुष्य छंदिष्ट म्हणून सहज ओळखला जातो. परंतु पहाटेच्या दळण-पाण्यापासून जिचा दिवस सुरू होतो, जी कापसाच्या वेचणीला किंवा मिरचीच्या तोडणीला जाऊन तिसऱ्या प्रहरी घरी परतते, आणि चूल पेटण्याची वेळ होईपर्यंतच्या तास-दीड तासात ओट्यावर जुनी लुगडी पसरून सुई हाती घेते, त्या स्त्रीच्या शिवणाला मात्र आपण काटकसर म्हणतो, संसारदक्षता म्हणतो, आणि फार उदार झालो तर माया म्हणतो. तिलाही छंद असू शकेल, त्या छंदाचे स्वतःचे नियम, स्वतःची चढाओढ आणि स्वतःचा आनंद असू शकेल, हे आपल्या ध्यानात येत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी आणि सातपुडा व तापी यांच्या मुलखातील तिच्यासारखी गावे डोळ्यांसमोर ठेवून या समजुतीची फेरतपासणी करावी, असा या लेखाचा हेतू आहे. कारण गोधडी गरजेपोटी शिवली जाते हे खरे असले, तरी ती गरजेपुरती क्वचितच शिवली जाते, आणि गरज जिथे संपते त्या रेषेच्या पलीकडे त्या सुईने जे काही साधलेले असते, त्याला छंदावाचून दुसरे नाव नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याची विभागणी होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी हा मुलूख धुळ्याच्या, आणि १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडण्यापूर्वी अखंड खानदेशाच्या दप्तरात होता. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे नोंदले गेले आहेत. अहिराणी, गुजरी, भिली आणि पावरी या बोली येथे एका बाजाराच्या दिवशी एकाच ठिकाणी कानांवर पडतात, आणि घरांची बांधणी, देवधर्म, पेहराव यांतही गावागणिक फरक आढळतो. मात्र कुडाच्या झोपडीत जा किंवा माडीच्या वाड्यात जा, कोपऱ्यातल्या पेटीवर घडी घालून रचलेली गोधड्यांची थप्पी दोन्हीकडे दिसते. हवामानच तसे आहे. वैशाखात तापीच्या खोऱ्यात पारा चाळिशीच्या बराच वर चढतो, आणि पौष-माघात तोरणमाळच्या पठारावर व अक्कलकुवा तालुक्यातील दाबसारख्या डोंगरी वस्तीत दवबिंदू गोठल्याच्या वार्ता येतात. उन्हाळ्यात अंगणातल्या खाटेवर अंथरायला आणि हिवाळ्यात अंगावर ओढायला एकच वस्त्र पुरेसे व्हावे, अशी सोय या एका वस्तूने केलेली आहे.

या वस्तूचे खरे मोल मात्र घरात जितके कळते त्याहून घराबाहेर अधिक कळते. दिवाळी आटोपली, की या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा तोंडावर येईपर्यंत तिकडेच शेताच्या बांधाला, कारखान्याच्या आवाराजवळ पाल ठोकून राहतात. ट्रकमध्ये चढविलेल्या त्यांच्या सामानात कोयता, तवा, परात, पिठाचा डबा आणि गोधड्यांचे गाठोडे एवढाच ऐवज असतो. तिथे गोधडी हेच अंथरूण आणि हेच पांघरूण. दिवसा तीच पालाच्या तोंडावर आडोसा म्हणून लटकते, आणि मधल्या वेळी दोन बांबूंना तिची झोळी बांधून तीत तान्हे मूल निजविले जाते. पहाटे तीन-चारच्या थंडीत ट्रॉली भरायला उठणाऱ्या माणसाला रात्रीची जी चार तास ऊब मिळते, ती मागल्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी हाताने घातलेल्या टाक्यांनी मिळवून दिलेली असते.

ही ऊब कशी निर्माण होते, हे समजावून घेण्यासारखे आहे. गादी किंवा रजई यांच्यात पिंजाऱ्याने पिंजलेला सुटा कापूस भरलेला असतो. तो दबतो, गोळा होतो, आणि काही वर्षांनी पुन्हा उसवून पिंजावा लागतो. गोधडीच्या पोटात सुटा कापूस नसतो, विणलेल्या कापडाचेच थर असतात. प्रत्येक दोन थरांच्या मध्ये हवेचा एक पातळ पडदा अडकून राहतो आणि तोच अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्यातही कापड वापरलेले असावे लागते. नव्या कोऱ्या कापडाची खळ आणि त्याच्या सुताचा ताठरपणा शेकडो धुण्यांनी निघून गेल्यावर धागे फुगतात, मऊ पडतात, घाम शोषून घेतात, आणि अशा कापडाची सहा-आठ पदरी गोधडी नव्या कापडाच्या गोधडीहून अधिक उबदार व हलकी ठरते. जीर्ण वस्त्राचा जीर्णपणा हाच इथे गुण होतो.

आता तिचे गणित पाहावे. नऊवारी लुगडे म्हणजे आठ मीटरांहून थोडे अधिक लांबीचे कापड. त्याची लांबीत चार पदरी घडी घातली, की सुमारे दोन मीटर लांब आणि लुगड्याच्या पन्ह्याइतकी, म्हणजे सुमारे सव्वा मीटर रुंद अशी चार थरांची चौकट तयार होते. एक मनुष्य निजेल एवढी ती असते. गोधडीचे सर्वसाधारण माप कुणी ठरवून दिलेले नाही, ते लुगड्याच्या घडीतून आपोआप उतरले आहे. दोन लुगडी घेतली तर आठ थर झाले, आणि मध्ये फाटक्या धोतरांचे, सदऱ्यांच्या पाठींचे, उशीच्या अभ्र्यांचे तुकडे पसरले तर आणखी एक-दोन थरांची भर पडली. या क्षेत्रावर दोन-दोन सेंटिमीटर अंतराने टाक्यांच्या ओळी घालायच्या म्हटल्यास एकंदर शिवण सुमारे १२० मीटर लांबीची भरते, आणि सेंटिमीटरला एक टाका धरला तर एका गोधडीत बारा हजार टाके पडतात. ओळी जवळ घेतल्या, तर ही संख्या दुप्पट व्हायला वेळ लागत नाही.

शिवणाची रीत साधी आहे, पण सोपी नाही. लुगडी आधी स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवितात. सारवलेल्या अंगणात किंवा ओट्यावर अस्तराचे लुगडे ताणून पसरतात, चार कोपऱ्यांवर दगड ठेवतात, त्यावर मधले थर हातांनी सारखे करीत अंथरतात, फाटलेल्या जागी ठिगळांचे तुकडे असे बसवितात की कुठे उंचवटा राहू नये, आणि सर्वांवर दर्शनी कापड पसरून आधी लांब लांब टाक्यांचा कच्चा दोरा घालून घेतात. नंतर खरा धावदोरा सुरू होतो. सुई जाड व लांब, दोरा दुपदरी. पूर्वी लुगड्याच्या काठातूनच दोरा उसवून घेण्याची वहिवाट होती, आता रीळ आणतात. काम चारी कडांपासून आरंभले जाते आणि एकात एक मावणाऱ्या चौकटी काढीत सुई मध्याकडे सरकत जाते. युरोप-अमेरिकेतील रजई शिवणाऱ्यांची प्रथा बहुधा उलट असते: ते मधून बाहेर जातात, म्हणजे कापडातील सैलपणा कडेला ढकलला जाऊन तिथे छाटून टाकता येतो. गोधडीत छाटून टाकण्याला स्थान नाही. कडा आधी बांधल्या गेल्यामुळे सगळा सैलपणा आतच मुरवावा लागतो; प्रत्येक चौकट पुरी झाली की शिवणारी तळहाताने कापड आतल्या बाजूस सारते, चुणी पडू पाहत असेल तिथे टाका किंचित लहान घेते, आणि मध्यावर पोचेपर्यंत ही तडजोड अखंड चालू राहते. जुन्या गोधडीच्या पृष्ठभागावर ज्या बारीक लहरी उमटलेल्या दिसतात, त्या या तडजोडीच्या खुणा होत. ज्या गोधडीचा मध्य फुगलेला नाही आणि कडा ओढलेल्या नाहीत, ती कसलेल्या हाताची आहे हे जाणत्या बायका नुसता हात फिरवून सांगतात.

मूळ मुद्दा येथेच येतो. थंडी निवारण्यासाठी थर एकमेकांना जखडले गेले म्हणजे पुरे. त्यासाठी टाक्यांच्या ओळी सरळ असण्याची गरज नाही, कोपऱ्यावर ओळ काटकोनात वळण्याची गरज नाही, हिरव्या तुकड्याशेजारी जांभळा यावा की पिवळा यावा याचा विचार करण्याची तर मुळीच गरज नाही. तरीसुद्धा हा विचार केला जातो, आणि तो फार बारकाईने केला जातो. दर्शनी बाजूसाठी कोणते लुगडे राखून ठेवायचे, त्याचा पदर उशाकडे घ्यायचा की मध्यभागी पट्ट्यासारखा बसवायचा, काठ चारी बाजूंनी गोट म्हणून फिरवायचा की दोन बाजूंनीच, कोपऱ्यांत त्रिकोणी तुकडे जोडायचे की चौकोनी, गडद सुती लुगड्यावर पांढरा दोरा चालवून ओळी उठावदार करायच्या की त्याच रंगाचा दोरा घेऊन त्या कापडात मिसळून टाकायच्या, हे सर्व निर्णय शिवणारी स्वतः घेते. शेतातले पीक कोणते घ्यायचे ते घरचा कर्ता ठरवितो, स्वयंपाक काय करायचा ते बाजार आणि ऋतू ठरवितात, सणावारी काय करायचे ते रूढी ठरविते. गोधडी कशी दिसावी हे मात्र तिला कुणी सांगत नाही, कारण त्या बाबतीत आपले काही मत असू शकते असे घरातल्या पुरुषांना वाटतच नाही. या दुर्लक्षामुळे एक लहानसा पण पुरा स्वतंत्र प्रांत तिच्या ताब्यात राहिला, आणि तिथे तिने आपली रसिकता मनमोकळेपणाने वापरली. गोधडीविषयी लिहिणारे बहुतेक जण आजीच्या मायेचा आणि आठवणींचा उल्लेख करून थांबतात. ती माया खरी आहे, आठवणीही खऱ्या आहेत. परंतु मायेने ओळ सरळ येत नाही, ती हाताच्या कसबाने आणि डोळ्यांच्या निवडीने येते. शिवणारीला आई म्हणून गौरविताना तिच्यातील कलावतीला आपण नकळत बाजूला सारतो, याची खंत मला गोधडीवरचा प्रत्येक भावुक लेख वाचताना वाटत आली आहे.

शिवणाचा हंगाम उन्हाळ्याचा. खळी आटोपलेली असतात, पेरणीला अवकाश असतो, ऊसतोडीची माणसे परतू लागलेली असतात, आणि ऊन असे कडक की धुतलेले जाड कापड दुपारपर्यंत खडखडीत वाळावे. पापड, कुरडया, शेवया आणि ज्वारीच्या बिबड्या यांच्या बेगमीचे हेच दिवस. खानदेशात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, माहेरवाशिणी घरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि घरात एकाएकी चार-सहा मोकळे हात उपलब्ध होतात. मोठी गोधडी अंथरली, की चार बायका चार बाजूंना बसतात आणि बोलत, गात ओळी पुढे नेतात. प्रत्येकीच्या टाक्याची लांबी वेगळी असल्यामुळे अशा सामाईक गोधडीत कोणती बाजू कोणाची हे मागाहूनही ओळखता येते, आणि ते ओळखण्यावरून होणारी थट्टा हा त्या बैठकीतला मोठाच भाग असतो. ज्यांच्या घरी हात कमी, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात दुसरीही सोय आहे: भटक्या समाजातील काही घराण्यांच्या बाया सुई-दोरा घेऊन दारोदार फिरतात आणि घरमालकिणीने काढून दिलेल्या कापडांतून ठरल्या मजुरीवर गोधडी शिवून देतात. त्यांचा टाका झपाट्याचा व लांब असतो. रोजगारासाठी शिवताना वेळेचा हिशेब ठेवावाच लागतो, आणि छंदापासून मजुरी वेगळी पडते ती याच ठिकाणी.

तान्ह्या मुलाचे दुपटे ही गोधडीचीच धाकटी बहीण, आणि शिवणारीचा हात सर्वांत अधिक सैल सुटतो तो या लहान चौकोनात. आठ-दहा दिवसांत होण्याजोगे काम, कापडही थोडेच लागणारे, त्यामुळे प्रयोग करून पाहायला वाव असतो. पांढरपेशा मराठी घरांतील बाळंतविडा, म्हणजे झबली, टोपडी आणि दुपट्यांचा तो संच, आजही मोठ्या हौसेने केला जातो आणि बारशाला कौतुकाने मांडला जातो; खेड्यातले दुपटे एवढे सजलेले नसले, तरी आईच्या किंवा आजीच्या सर्वांत मऊ झालेल्या लुगड्याचा तुकडा त्यासाठी वेगळा काढून ठेवण्याचा शिरस्ता दोन्हीकडे सारखाच आहे.

चिंध्या जोडून केलेल्या वस्त्राला आपल्याकडे एक दुसरीही परंपरा आहे, ती विरक्तांची. बौद्ध भिक्षूंना टाकून दिलेल्या चिंध्यांपासून चीवर करण्याची मुभा होती, आणि विनयपिटकातील कथेप्रमाणे मगध देशातील भाताच्या शेतांची बांधबंदिस्त आखणी पाहून बुद्धाने आनंदाला त्या नमुन्यावर चीवराचे तुकडे जोडायला सांगितले. विरक्तीच्या वस्त्रालाही रेखीवपणा हवा, हे त्या कथेत गृहीतच धरले आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात योग्याची शतजीर्ण कंथा येते, नाथपंथी जोग्यांच्या अंगावर ती दिसते, आणि आपल्या काळाच्या अगदी जवळ, १८७६ ते १९५६ या काळात होऊन गेलेल्या गाडगे महाराजांना लोक त्यांच्या ठिगळांच्या वस्त्रावरून गोधडे महाराज आणि चिंधेबुवा म्हणत. हाती खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या या सत्पुरुषाने फाटक्या वस्त्राची लाज समाजाच्या मनातून जितकी काढली, तितकी दुसऱ्या कोणी क्वचितच काढली असेल.

खानदेशापुरते बोलायचे तर गोधडीचा इतिहास कापसाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारा मोगल अमदानीतील व्यापारी मार्ग नवापूर-नंदुरबारवरून जात असे, आणि फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच वाटेने गेला होता. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरतेच्या वखारीतून इंग्रज व्यापारी जो माल विलायतेस धाडीत, त्यात रंगीत चित्रांच्या सुती रजयाही असत. ती श्रीमंती वस्तू. खेड्यातल्या गोधडीची नोंद कोणत्याही वखारीच्या खतावणीत नाही, कारण ती कधी विकली गेली नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस बंद पडल्यामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि खानदेशातील काळ्या जमिनीवर कापसाचा पेरा वाढला. पुढे शतक संपता संपता तापी खोऱ्यातून सुरत-अमळनेर रेल्वे आली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली. गिरणीचे सुती कापड खेड्यापर्यंत पोचू लागले, घरात कापडाचे नग वाढले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे गोधडीच्या दर्शनी बाजूला जी रंगांची समृद्धी आली, तिला ही सुबत्ता बरीचशी कारण झाली असावी. निवडीला वाव मिळाला, तरच आवडीनिवडीला अर्थ येतो.

पश्चिम महाराष्ट्रात वाकळ, सीमाभागात कौदी, बंगालमध्ये कांथा, बिहारात सुजनी, सिंध-राजस्थानात रल्ली, अशी या वस्तूची भावंडे भारतीय उपखंडात पसरली आहेत. कर्नाटकातील हल्याळ-यल्लापूरच्या अरण्यात राहणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया जी कवंदी शिवतात, तिच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची ‘फुले’ बसविल्याशिवाय ती पुरी झाली असे त्या मानीतच नाहीत. त्या फुलांनी ऊब रतिभरही वाढत नाही. बंगालच्या कांथेचे भाग्य असे, की गुरुसदय दत्त या आय.सी.एस. अधिकाऱ्याने जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरताना त्या जमा केल्या, कोलकात्याजवळ जोका येथील संग्रहालयात त्या जपल्या गेल्या, आणि स्टेला क्रामरिश यांच्यासारख्या कलापंडितेने १९३९ साली त्यांवर लेख लिहिला. महाराष्ट्रातील गोधड्यांचा अशाच आस्थेने मागोवा घेण्याचे काम मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी आपल्या काळात केले आणि त्यावर इंग्रजीत सचित्र ग्रंथ लिहिला. मराठी वाचकांनी तो आवर्जून पाहण्यासारखा आहे.

याहूनही बोलका दाखला अमेरिकेतील अलाबामा संस्थानातील जीज बेंड या वस्तीचा आहे. नदीच्या वळणात अडकलेली ही कृष्णवर्णीयांची वस्ती. एकेकाळच्या गुलामांचे हे वंशज कापसाच्याच मळ्यांत राबत. तिथल्या बायकांनी नवऱ्यांच्या झिजलेल्या विजारी, सदरे आणि पिठाच्या पिशव्या फाडून थंडीसाठी रजया शिवल्या, आणि शिवताना तुकड्यांची मांडणी इतकी धीट केली, की २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या तेव्हा आधुनिक चित्रकलेचे जाणकार चकित झाले. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटेही काढली. त्या स्त्रियांकडे फुरसत नव्हती, पैसा नव्हता, कलाशिक्षण नव्हते. त्यांच्याकडे होते ते कापसाचे शेत, फाटके कापड आणि संध्याकाळचा थोडा वेळ, म्हणजे नेमके तेच, जे नंदुरबार जिल्ह्यातल्या खेड्यातील स्त्रीकडे आहे. त्यांची कामे भिंतीपर्यंत पोचली, कारण कोणीतरी दारात उभे राहून ती पाहिली.

आज ही कला ओसरत आहे, आणि तिची कारणे अगदी प्रापंचिक आहेत. टेरिलीन व नायलॉनची पातळे आली आणि जुन्या कापडाची जातच बदलली. कृत्रिम धाग्याचे कापड घाम पीत नाही, थरावर थर घसरतो, सुई रुतत नाही आणि टाका धरून राहत नाही. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण गल्लीबोळांतून फिरू लागली, तेव्हा ज्या लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या त्यांची पातेली झाली. गिरणीची चादर आणि नंतर यंत्रावर केलेले पांघरूण बाजारात इतके स्वस्त झाले, की महिनाभराच्या मेहनतीचा हिशेब कुणालाच परवडेना. जिथे बचत गटांतून गोधड्या विक्रीसाठी होतात, तिथे त्या शिवणयंत्रावर होतात. त्यात गैर काही नाही, शिवणारीला चार पैसे मिळतात, परंतु बारा हजार हातटाक्यांच्या गोधडीची किंमत यंत्रावरच्या गोधडीच्या भावाने करणारे गिऱ्हाईक मात्र मोठा अन्याय करीत असते.

दुसऱ्या बाजूला शहरांत, आणि परदेशांतील मराठी घरांतही, रजई शिवण्याचा छंद नव्याने रुजतो आहे. नवे कापड विकत आणून, मापाने कापून, यंत्रावर जोडून केलेल्या या रजया देखण्या असतात, आणि त्यांमागची चिकाटी आदरास पात्र आहे. मला त्या शिवणाऱ्यांपाशी एकच मागणे करावेसे वाटते. कापडाचे नवेपण हा या छंदाचा आवश्यक भाग नाही, आणि दुकानातून हवा तो रंग आणण्यापेक्षा घरात आहेत त्याच सात तुकड्यांतून रंग साधण्यात बुद्धीचा कस अधिक लागतो. शहरातील ज्या बाईला हे करून पाहावेसे वाटते, तिला शिकविणारी गुरू बहुधा तिच्याच नात्यात, गावाकडे, अजून हयात असते. वर्गाची फी भरण्याआधी तिच्याकडे चार दिवस जाऊन बसावे, हे उत्तम.

बसताना सोबत थोडा कागदही असावा. गोधडी वापरातच संपते; तिच्यावर शिवणारीचे नाव नसते, साल नसते, आणि फाटल्यावर ती दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते. ही रीत शहाणपणाची असली, तरी तिच्यामुळे पिढ्यांचे कसब बेवारस राहिले आहे. प्रत्येक घरातील निदान एका गोधडीच्या मागच्या कोपऱ्यावर शिवणारीचे नाव, गाव आणि साल दोऱ्याने काढून ठेवावे. तिचे उजेडात छायाचित्र घ्यावे. कोणते कापड कुणाचे होते आणि कोणत्या ओळी कुणी घातल्या हे तिलाच विचारून लिहून ठेवावे. जिल्हा परिषदेच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले केली जातात, त्याऐवजी गावातली एखादी आजी आठवड्यातून एकदा बोलावून मुलामुलींकडून हातभर दुपटे शिवून घेणे काही अवघड नाही. मुलांनाही यात घ्यावे. गुरुजींनी सांगितले की मुलगेही शिवतात.

राखायची गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. तीत ओल धरते आणि कापडावर काळे ठिपके पडतात. सुती कापडात गुंडाळून, घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ती ठेवावी, आणि दर काही महिन्यांनी काढून घडीची जागा बदलावी, म्हणजे एकाच रेषेवर कापड चिरत नाही. धुताना पिळू नये. वाहत्या किंवा भरपूर पाण्यात खळबळून, खाटेवर आडवी पसरून सावलीच्या कडेला वाळवावी, नाही तर पाण्याच्या भाराने टाके ओढले जातात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र थेट मोठ्या गोधडीला हात घालू नये. एक जुने सुती पातळ, एक लांब सुई, पांढऱ्या दोऱ्याचे एक रीळ आणि हात-सव्वा हाताचा चौकोन एवढे पहिल्या दुपट्याला पुरते. चार थर घ्यावेत, आधी कच्चा दोरा घालावा, कडेपासून आत यावे, आणि पहिल्या चार-पाच ओळी वाकड्या आल्या तरी उसवू नयेत, सहाव्या ओळीपासून हात आपोआप सरळ चालू लागतो.